नवव्या खांबाचे वाजवी कारण

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत एका यंत्राची, एका कायद्याची आणि एका भावाच्या सुडाची हकीकत यथाक्रम निवेदन करण्यात येत आहे. ही हकीकत अद्याप घडलेली नाही. ती सन २०४३ च्या सुमारास घडेल असे मी धरून चाललो आहे. यंत्रे बदलतात, माणसाचे काळीज मात्र सहसा बदलत नाही, या भरवशावर ती आजच लिहून ठेवणे मला इष्ट वाटले. वाचकांनी मन घट्ट करून वाचावे, कारण यातील माणूस शेवटपर्यंत निवळत नाही.

कृष्णेच्या काठी अंकुशवाडी नावाचे एक गाव आहे असे समजावे. गावाच्या पश्चिमेस रेल्वेचे फाटक, फाटकापलीकडे हळदीच्या शीतगृहांची रांग व एक नवी वसाहत, आणि फाटकाच्या अलीकडे जुनी वस्ती. या वस्तीत भूपाल चौगुले नावाचा अठ्ठेचाळीस वर्षांचा गृहस्थ राहत असे. आयटीआयचा अभ्यासक्रम पूर्ण करून तो श्वासवेध यंत्रांच्या देखभालीच्या नोकरीस लागला होता. तालुक्यातील बावीस खांब त्याच्या हाताखाली होते. घरात पत्नी राजमती आणि थोरली बहीण पद्माक्का. आईबाप लवकर गेल्यामुळे अक्कानेच त्याला वाढवले. त्याच्या शिक्षणासाठी तिने शिलाईयंत्रावर गावभरच्या बायकांची ब्लाउजे शिवली, आणि स्वतःचे लग्न पुढच्या वर्षी करू, पुढच्या वर्षी करू, असे म्हणता म्हणता राहून गेले.

श्वासवेध म्हणजे काय, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. दारू प्यालेल्या माणसाच्या उच्छ्वासातून मद्यार्काची वाफ बाहेर पडते व बंद गाडीतील हवेत मिसळते. आता प्रकाशाचा एक गुण असा की, तांबड्या रंगाच्याही पलीकडे, आपल्या डोळ्यांना न दिसणारे असे त्याचे पुष्कळ रंग आहेत. आणि प्रत्येक वायूला त्यांपैकी ठराविक रंगांचीच चटक असते. तेवढे तो गिळतो, बाकीचे सोडून देतो. पाण्याच्या वाफेची आवड निराळी, मद्यार्काची निराळी. रस्त्याच्या एका बाजूच्या खांबावरून असा अदृश्य किरण गाडीच्या काचांतून आरपार सोडायचा, दुसऱ्या बाजूच्या आरशावरून तो परत घ्यायचा, आणि मद्यार्काच्या आवडीचा रंग किती कमी भरला ते मोजायचे. डोळ्याचे पाते लवण्याआधी काम होते. गाडी थांबवावी लागत नाही, चालकाला फुंकर मारायला सांगावे लागत नाही.

परंतु जे यंत्र काचेतून आत हुंगते, ते उद्या आणखी काय काय हुंगेल, असा प्रश्न देशातील शहाण्या लोकांनी उपस्थित केला. श्वासावरून मधुमेह कळतो, यकृताचे दुखणे कळते. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचे शरीर सरकारने उघडून पाहावे काय? तेव्हा संसदेने एकांत-संरक्षण कायदा केला. त्यान्वये प्रत्येक खांबावर किरणाच्या तोंडाशी एक पोलादी झाकण बसवण्यात आले. खांबावरील कॅमेऱ्याने आधी काही तरी उघड दोष पाहिला पाहिजे, म्हणजे गाडी नागमोडी चालली आहे, दिवे लावलेले नाहीत, उलट्या बाजूने येत आहे, असे काही. त्याला कायद्यात 'वाजवी कारण' म्हणतात. कारणाची नोंद झाली की मगच झाकण उघडायचे. कारणावाचून किरण सुटला, तर त्यातून जे जे सापडेल ते ते न्यायालयात सापडलेच नाही असे धरायचे. कायदा चांगला होता. मी त्याला नावे ठेवीत नाही.

नववा खांब रेल्वे फाटकापाशी होता. तेथे बंदोबस्ताला हवालदार दादासाहेब वाघमोडे असत. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेला, सरळ, गुडघेदुखीने बेजार झालेला माणूस. श्रावणात भूपाल भिंग पुसायला खांबावर चढला असता ते खालून म्हणाले,

"भूपालदादा, ते झाकण उघडंच राहू दे की."

"तसं चालत न्हाय, दादासाहेब."

"का चालत न्हाय? फाटकाला गाड्या उभ्या ऱ्हात्यात. उभी गाडी काय नागमोडी जाणार? तुझं यंतर आपलं आंधळ्यावानी बघत बसतंय. झाकण उघडं ऱ्हायलं तर समद्यांचं आपोआप हुंगून होतंय. मग मी हायच की कारण लिवायला."

"आणि साहेबानं विचारलं तर?"

"साहेब फाटकापर्यंत येतोय व्हय?"

भूपाल हसला. सफाईसाठी झाकण उघडायची एक किल्ली असते. ती त्याने फिरवली आणि परत फिरवली नाही. वहीत मात्र 'झाकण बंद केले' असे लिहून सही ठोकली. गावातले दारुडे पकडले जात असतील तर बिघडले काय, असे त्याला वाटले. पुढे चार महिने ते झाकण उघडे होते, आणि हे त्या दोघांवाचून कोणालाही ठाऊक नव्हते.

मार्गशीर्षातील एका संध्याकाळी पद्माक्का शिवलेली ब्लाउजे पोचवायला फाटकापलीकडच्या वसाहतीत गेली होती. ती व्रतस्थ जैन बाई. सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नसे. दिवस मावळायला आल्यामुळे ती शीतगृहांच्या रस्त्याने भराभर पावले उचलीत परतत होती. घरी राजमतीने तिचे ताट वाढून ठेवले होते. पावणेसहाच्या सुमारास मागून आलेल्या एका गाडीने तिला उडवले. रस्त्यावर दुसरे कोणी नव्हते. ती कडेच्या चरीत पडली, आणि गाडी पुढे गेली.

पुढे फाटक बंद होते. मालगाडी यायची होती. ती गाडी निमूटपणे रांगेत येऊन उभी राहिली, आणि नवव्या खांबाच्या किरणाने तिच्या काचेतून भरपूर मद्यार्क टिपला. वाघमोडे यांच्या हातातील यंत्र वाजले. त्यांनी काचेवर टकटक केली. आत जिनेंद्र मगदूम होता. शीतगृहाचा मालक, वय एकेचाळीस, बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पूजेला पहिल्या रांगेत बसणारा. जैनाच्या घरात दारू चालत नाही, म्हणून तो गाडीत पीत असे. नळीत फुंकायला लावल्यावर आकडा मर्यादेच्या तिप्पट निघाला. गाडी बाजूला घेऊन वाघमोडे यांनी बॅटरी मारली, तेव्हा पुढच्या पत्र्याला पोचा दिसला, आणि जाळीत अडकलेला चष्म्याच्या भिंगाचा एक तुकडा. एवढ्यात वसाहतीतली माणसे, चरीत पद्माक्का मरून पडली आहे, असे ओरडत आली. तो तुकडा अक्काच्या डाव्या भिंगाचा होता.

पंचनामा झाला. दोन पंच बोलावले गेले. वाघमोडे यांनी गेली तीस वर्षे जो मजकूर लिहिला तोच हात न थांबवता लिहिला: 'सदर वाहन भरधाव वेगाने नागमोडी वळणे घेत येत असताना दिसून आल्याने संशय बळावला.' पंचांनी खाली सह्या केल्या. पंच सहसा वाचत नाहीत.

खटला जिल्ह्याला गेला. तो चालवण्याआधी पुरावा कायदेशीर आहे की नाही, याची सुनावणी निघाली. मगदूमतर्फे ऍडव्होकेट मृणालिनी हेर्लेकर उभ्या राहिल्या. बाई बुद्धीने तल्लख आणि आवाजाने मऊ. त्यांनी वाघमोडे यांना पिंजऱ्यात घेतले.

"हवालदार, फाटक किती वाजता बंद झालं?"

"पाच बेचाळीसला, मॅडम."

"आणि तुम्ही गाडी कधी पाहिली?"

"सत्तेचाळीसला."

"तेव्हा ती काय करत होती?"

"उभी हुती."

"पुढे ट्रक, मागे टेम्पो?"

"व्हय."

"मग उभ्या गाडीनं नागमोडी वळणं कशी घेतली, एवढं फक्त मला समजावून सांगा."

न्यायालयात हशा पिकला. वाघमोडे यांनी रुमालाने मान पुसली. "सवयीनं लिवलं, मॅडम," ते म्हणाले.

त्यानंतर पुण्याहून आलेल्या अभियंत्याने साक्ष दिली की, नवव्या खांबाचे झाकण त्या वेळी उघडे होते. का उघडे होते ते सांगता येत नाही. देखभालीच्या वहीत ते बंद केल्याची सही आहे. तेव्हा भूपाल मागच्या बाकावर बसला होता. त्याने उठून बोलावयास हवे होते. तो उठला नाही. वाघमोडे यांनी एकदा त्याच्याकडे पाहिले आणि नजर छताकडे वळवली.

हेर्लेकरबाईंचा युक्तिवाद पंधरा मिनिटांत संपला. कारण नव्हते, म्हणून किरण बेकायदा. किरण बेकायदा, म्हणून थांबवणे बेकायदा. थांबवणे बेकायदा, म्हणून नळीतला आकडा, गाडीची झडती आणि भिंगाचा तुकडा, सगळेच कलंकित. हे सर्व बाजूला काढल्यावर खटल्यात उरते काय? चरीत पडलेली एक बाई. न्यायाधीशांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि खटला उभा राहण्यापूर्वीच जिनेंद्र मगदूमला आरोपातून मुक्त केले.

बाहेर पायऱ्यांवर भूपालने हेर्लेकरबाईंना गाठले.

"मॅडम, तो प्यालेला होता, हे तुम्हांला माहीत आहे न्हवं?"

त्या थांबल्या. "मला काय माहीत आहे ते मला सांगता येत नाही. ज्यानं ते झाकण उघडं ठेवलं, त्याला जाऊन विचारा."

त्यांनी ते सहज म्हटले होते. पण भूपालच्या काळजात ते उकळत्या तेलासारखे पडले.

त्या दिवसापासून तो बदलला. त्याने चहा सोडला. जेवण एका भाकरीवर आले. आरशात दाढी करताना त्याला दोन माणसे दिसत, एक मगदूम आणि दुसरा स्वतः. आणि दुसऱ्याचा राग तो पहिल्याच्या खात्यावर ढकलून देई. प्रथम त्याने नवव्या खांबाच्या नोंदींत फेरफार करण्याचा विचार केला. कारणाचा क्षण किरणाच्या क्षणाआधी सरकवायचा, एवढेच. पण त्या यंत्रात प्रत्येक नोंदीमध्ये तिच्या आधीच्या नोंदीचा ठसा असतो. एका विटेला हात लावावा तर सारी भिंत हलते. तो नाद त्याने सोडला.

मग त्याने मगदूमवर पाळत ठेवली. पुन्हा पिऊन गाडी चालवू दे, या वेळी कारण पक्के धरू, असा त्याचा बेत होता. परंतु मगदूमने गाडी शीतगृहाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली लावून टाकली होती. तो पायी हिंडत असे. दारूही सुटली होती. गालफडे बसली होती, आणि बस्तीत तो शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड बसू लागला होता. हे पाहून दुसऱ्या एखाद्याला दया आली असती. भूपालला संताप आला. हा आपल्या मनाने झुरून मोकळा होणार, आणि कागदावर मात्र अक्काला कोणी मारलेच नाही असे राहणार.

"किती दिस असं कुढत बसणार?" राजमती एकदा म्हणाली. "तोही वाळायला लागलाय. कर्म सोडत न्हाय कुणाला."

"कर्माला उशीर लागतोय," भूपाल म्हणाला. "मला तेवढा वेळ न्हाय."

भाद्रपदाच्या सुरुवातीला तो सरकारी वकील मुजावर यांच्याकडे गेला. मुजावर हा जाडा, दमेकरी, मोकळा माणूस. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा चौगुले. चहा सांगू?"

"चहा सोडला मी."

"म्हणजे निव्वळ रागावर चाललंय म्हणायचं. रागात साखर नसते, एवढं बरं."

"साहेब, तो सुटला म्हणजे कायमचाच सुटला काय?"

"नाही. खटला चालून निर्दोष सुटला असता तर कायमचा. हा खटल्याआधी सुटलाय. नवा पुरावा मिळाला तर पुन्हा धरता येतो. मात्र नवा म्हणजे खरोखर नवा. त्या फाटकावरच्या थांबवण्यातून निघालेला नको. कुठलं यंत्र नको, चोरून ध्वनिमुद्रण नको, त्यालाही तोच कायदा लागतो. पोलीस तर जवळपासही नको."

"मग राहिलं काय?"

मुजावर यांनी पंख्याकडे पाहिले. "तो स्वतः, आपल्या मनानं, चार माणसांत बोलला तर. तोंडाला झाकण नसतं, चौगुले. पण का बोलेल तो? आणि हे बघा, मी तुम्हांला काहीच सांगितलेलं नाही. मी शिकवून पाठवलं असं ठरलं, तर तेही कलंकित."

भूपाल उठला. जिना उतरता उतरता त्याच्या मनात जो विचार आला, त्याने तो स्वतःच क्षणभर दचकला. कठड्याला धरून तो थोडा वेळ उभा राहिला, आणि मग उरलेल्या पायऱ्या सावकाश उतरला.

वाचकांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भाद्रपदात जैन बांधवांचे दशलक्षण पर्व असते, आणि ते संपल्यावर क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी सारा समाज बस्तीत जमतो. लहानथोर एकमेकांपुढे हात जोडतात आणि म्हणतात, 'मन, वचन, कायेने कळत-नकळत काही चुकले असल्यास उत्तम क्षमा.' समोरचाही तेच म्हणतो. वर्षाची जळमटे निघून जातात. यात कोणी चुकीचे नाव घेत नाही. तशी रीतच नाही. भाऊबंदकीतले दावेदारसुद्धा त्या दिवशी एवढे वाक्य बोलून मोकळे होतात.

त्या सकाळी बस्तीच्या सभागृहात साठ-सत्तर माणसे होती. उजवीकडे बायका, डावीकडे पुरुष. मध्ये पाटावर आदगोंडा अण्णा पाटील बसले होते. वय ब्याऐंशी, समाजाचे पंच, ज्यांच्या शब्दाबाहेर गावात लग्नही ठरत नसे. भूपालने फोन घरी ठेवला होता. मनगटावरचे घड्याळसुद्धा काढून ठेवले होते. लोक हात जोडून एकमेकांपुढे वाकू लागले, तेव्हा तो मधोमध जाऊन उभा राहिला.

"अण्णा, मला बोलायचं हाय."

"बोल की. आज कोण कुणाला अडवतंय?"

"मला मोघम क्षमा नको. मी माझी चूक नाव घेऊन सांगणार."

सभागृहातली कुजबुज थांबली.

"फाटकाच्या नवव्या खांबाचं झाकण मी उघडं ठेवलं होतं. चार महिने. वहीत बंद केलं म्हणून सही केली. त्या झाकणापायी माझ्या अक्काचा खटला बुडाला. कोर्टात विचारणा झाली तवा मी मागं बसून होतो, आणि उठलो न्हाय. अक्कानं मला पोटच्या पोरावानी वाढवलं. तिच्या मरणाचा पुरावा मी माझ्या हातानं घालवला. राजमती, तुलाबी हे सांगितलं न्हवतं. मला क्षमा करा."

तो खाली वाकला. बायकांच्या बाजूला राजमतीने तोंडाला पदर लावला. यातला शब्द न् शब्द खरा होता. तो बोलताना भूपालचा आवाज फाटला, हेही नाटक नव्हते. पण वाचकहो, त्याच वेळी त्याचे डोळे शेवटच्या रांगेतल्या खांबाकडे लागले होते, हेही मला लपवता येत नाही.

अण्णांनी हात वर केला. "उत्तम क्षमा, बाळा. धाडस केलंस."

भूपाल सरळ मगदूमपुढे जाऊन उभा राहिला. हात जोडलेलेच होते.

"जिनेंद्र, मी माझं सांगितलं. तुझं काय माझ्याकडं चुकलं असंल तर माग. मी देणार. पण नाव घेऊन माग."

"भूपालदादा..." मगदूम पुटपुटला.

"मन, वचन, काया नको. नुस्तं काय केलंस ते सांग."

बायकांतून मगदूमची म्हातारी आई उठली. तिला धोका कळला होता. आयांना तो आधी कळतो. "जिनू, ऊठ. घरला चल. वकीलबाईनं काय सांगितलंय?"

मगदूम उठला. तो दाराकडे जाईल असे सर्वांना वाटले. तो भूपालच्या पायांपाशी बसला.

"आई, थांब जरा. मला झोप न्हाय गं दहा महिने." मग तो खाली मान घालून बोलू लागला, आणि सभागृह इतके शांत होते की शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेले. "मी प्यालो हुतो. पद्माक्का कडेनंच चालली हुती, तिची काय चूक न्हवती. धडकली ते मला कळलं. आरशात बघितलं, तिचा हात हलत हुता. मी थांबलो न्हाय. थांबलो असतो तर कदाचित... दादा, क्षमा कर."

हात हलत होता. हे भूपालला नवीन होते. मग तो अगदी सावकाश म्हणाला,

"उत्तम क्षमा."

सगळ्यांनी श्वास सोडला. म्हाताऱ्या बायका रडू लागल्या. कोणी म्हणाले, असा दिवस अंकुशवाडीत झाला नव्हता. मगदूमच्या पाठीवर दोघांनी हात ठेवले. आणि त्या गलबल्यात भूपाल बाहेर येऊन चपला घालू लागला. अण्णा काठी टेकत त्याच्या मागे आले.

"कुठं निघालास?"

"पोलीस ठाण्यात. जबाब द्यायला."

अण्णांना क्षणभर समजेना. समजले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. "आत्ता क्षमा केलीस न्हवं?"

"केली, अण्णा. माझ्या वाट्याची होती ती दिली. अक्काच्या वाट्याची माझ्याजवळ न्हाय."

"अरे, देवाच्या दारात फासा लावलास तू?"

"फासा न्हाय. कारण लावलं. वाजवी."

असे म्हणून तो चालू लागला.

पुढचे थोडक्यात सांगतो. मगदूमला पुन्हा अटक झाली. आता झडतीला कारण होते. न्यायालयाच्या हुकमाने शेडमधली ताडपत्री काढली गेली, आणि बॉनेटच्या सांध्यात अक्काच्या उजव्या भिंगाची एक चीप, म्हणजे काचेची कपची, निघाली. परंतु हेर्लेकरबाई पुन्हा उभ्या राहिल्या. ती चीप केवळ त्या कबुलीवरून सापडली होती. कबुली टिकली नाही, तर चीपही जाणार. आणि कबुली कोणी ऐकली? एकट्या भूपालने, जो मयताचा भाऊ आणि सुडाने पेटलेला. सभागृहातल्या माणसांना समन्स गेले. एकजण म्हणाला, गर्दीत ऐकू आले नाही. दुसरा म्हणाला, मी त्या वेळी प्रसाद वाटीत होतो. तिसऱ्याला कानाचा आजार निघाला. क्षमावाणीतले शब्द न्यायालयात न्यायचे नाहीत, असे समाजाने न बोलता ठरवून टाकले होते. राजमतीने साक्ष दिली, पण ती पडली बायको. भूपालचा धीर रोज एकेका साक्षीबरोबर खचत गेला.

शेवटचे नाव आदगोंडा अण्णांचे होते. त्यांना खुर्ची देण्यात आली. ती नाकारून ते पिंजऱ्याचा कठडा धरून उभे राहिले.

"आपण त्या दिवशी काय ऐकलंत?" मुजावर यांनी विचारले.

"खोटं बोलायचं न्हाय, एवढं व्रत मी साठ वर्षं पाळलंय," अण्णा म्हणाले. "समाज म्हणतोय गप्प ऱ्हावा. गप्प ऱ्हायला आलो असतो तर घरीच बसलो असतो. ऐकलं मी. दारू प्याल्याचं ऐकलं, हात हलत होता तेबी ऐकलं. जिनूनं क्षमा मागितली, भूपालनं दिली."

हेर्लेकरबाई मऊपणे म्हणाल्या, "म्हणजे आपण भूपाल चौगुल्यांच्या बाजूचे आहात?"

"बाई, दोघंबी माझ्या डोळ्यांदेखत वाढलेत. एकाची मला लाज वाटतीया. आणि दुसऱ्याचं भ्या वाटतंय. बाजू कसली?"

न्यायाधीशांनी ते शब्द तसेच्या तसे लिहून घेतले. मगदूम आरोपीच्या जागी मान खाली घालून उभा होता. वकिलाच्या सांगण्यावरून तो या वेळी काहीच बोलला नाही. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. खोट्या नोंदीबद्दल भूपालची नोकरी गेली, आणि तीन महिन्यांची साधी कैद त्याने मुकाट्याने भोगली. निकाल लागला त्या दिवशी घरी येऊन तो पाटावर बसला. दोन भाकऱ्या आणि वाटीभर आमटी खाऊन त्याने तिसरी भाकरी मागितली. त्याला पश्चात्ताप झाला का, असे वाचक विचारतील. झाला नाही. अक्काला कोणी मारले ते आता कागदावर लिहिलेले होते, आणि मारणारा गजाआड होता. त्याला तेवढेच हवे होते, आणि तेवढे त्याला पुरेपूर मिळाले.

कैदेतून परतल्यावर भूपाल घरीच पंखे व मिक्सर दुरुस्त करू लागला. पुढच्या वर्षीची क्षमावाणी आली. तो बस्तीत गेला नाही, पण लोक रीत मोडत नाहीत. सकाळपासून एकेक जण दारात येत होता. उंबरा मात्र कोणी ओलांडत नव्हते. बाहेरूनच हात जोडून, एका दमात वाक्य म्हणून, प्रत्येक जण निघून जाई. 'या की, बसा' असे भूपालने म्हटले की कोणाची गाडी चुकत असे, कोणाचे दूध उतू जात असे. गावात आणखीही एक गोष्ट झाली होती. तो पारावर येऊन बसला की बोलणारे हवापाण्यावर येत. नवरा-बायकोचे भांडण, बांधाचा वाद, पोराची लबाडी, यांतले काहीही त्याच्यासमोर निघत नसे. हे त्याच्या ध्यानात आले होते. त्याबद्दल तो राजमतीपाशी एकदाही बोलला नव्हता.

दुपारी येणारे थांबले. सूर्य मावळण्याआधी जेवून घ्यायचे म्हणून राजमतीने पाने मांडली. भूपाल पानावर बसला. मग त्याला आठवले, तसा तो हात जोडून म्हणाला,

"राजमती, तू राहिलीस. काय चुकलं असंल तर उत्तम क्षमा."

तिने भाकरी त्याच्या पानात ठेवली आणि हात जोडले. ओठ हलले, पण ती वाक्याच्या मध्येच थांबली.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काय न्हाय."

"सांग की."

राजमतीने त्याचे पान जरा पुढे सरकवले.

"पंचवीस वर्सांच्या संसारात माझ्याबी हातनं काही चुकलंय," ती म्हणाली. "तुम्हांला ठाऊक नसलेलं. दरवर्षी वाटायचं, ह्या साली सांगून टाकावं आणि हलकं व्हावं. आता न्हाय सांगणार."

भूपाल पुढे काही बोलेल म्हणून ती थोडी थांबली. त्याने विचारले नाही. विचारण्याचा त्याला आता अधिकार उरला नाही, हे त्याला प्रथमच उमगले. तिने उरलेले वाक्य, कळत-नकळत सकट, घाईघाईने पुरे केले, आणि आमटी वाढायला ती आत गेली.

येथे ही कथा पूर्ण झाली. भूपालने केले ते बरोबर की चूक, याचा निवाडा करण्याइतकी माझी योग्यता नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते अशी मला धास्ती वाटते, म्हणून हे लिहिले. यंत्राच्या वर्णनात काही उणे-अधिक झाले असल्यास जाणकारांनी कळवावे. आपला अमूल्य वेळ खर्च करून शेवटपर्यंत सोबत केलीत, याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
श्रीपती ज्ञानू खोत